हुन्नरशाळेचा दाखला आणि कारखान्याचे दार

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की आपल्या सभासद कुटुंबांतून दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो. मुलास धंदेशिक्षणास घातले तर पुढे त्यास काम मिळेल काय? प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या अनुभवाप्रमाणे निरनिराळे मिळते. एक गृहस्थ सांगतात की, ज्याच्या हातात पाना आहे तो उपाशी राहिल्याचे त्यांनी पाहिले नाही. दुसरे सांगतात की, त्यांच्या शेजारच्या मुलाचा दाखला तीन वर्षे कपाटात पडून आहे आणि मुलगा दुकानावर पुड्या बांधतो. दोघेही खरेच बोलत असतात. स्मरणिकेच्या पानांवर ज्ञातीच्या उगमाविषयी व पूर्वजांच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. आम्ही मात्र ह्या खेपेस वरील प्रश्नाचाच इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. तो इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि ते चाळताना आम्हांस एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. शाळा काढतेवेळीच तिच्यातून बाहेर पडणारा मनुष्य कोण घेणार, हे जेथे ठरलेले होते तेथे शिक्षणाचे चीज झाले. जेथे ते ठरलेले नव्हते तेथे यंत्रे उत्तम, गुरुजी उत्तम, इमारतही उत्तम असून मुले रिकामी राहिली.

जुन्या काळी हा प्रश्न उद्भवतच नसे. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरी, कासाराचा भट्टीपाशी बसे, शिंप्याचा काजे करता करता कापडास कात्री लावावयास शिके. शिकणे आणि कमावणे ह्यांत अंतर नव्हते. बलुत्याच्या गावगाड्यात तर गिऱ्हाईकही वडिलोपार्जित असे. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. परंतु तिचे दार जन्मानेच उघडे अगर बंद होई, आणि ज्याचा हात चांगला पण कूळ वेगळे त्यास तेथे थारा नसे, हे विसरून चालणार नाही. शिवाय यंत्राचे कापड व विलायती भांडी बाजारात आली तेव्हा ह्या व्यवस्थेपाशी उत्तर नव्हते. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली आणि पुढल्या वर्षी मुंबईत पहिल्या यशस्वी कापडगिरणीची उभारणी सुरू झाली. एंजिन दुरुस्त करण्याचे काम कोणत्याच जातीचे वडिलोपार्जित नव्हते. त्यासाठी शाळाच हवी होती.

अशी शाळा पुण्यास १८५४ साली निघाली. तिचे नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’, आणि हेतू सरकारी बांधकाम खात्यास दुय्यम दर्जाचे अधिकारी पुरविण्याचा. रस्ते, पूल, पाटबंधारे बांधावयाचे होते आणि विलायतेहून प्रत्येक जागेसाठी माणूस आणणे परवडणारे नव्हते. खात्याने आपल्यासाठीच शाळा काढली, म्हणून शिकलेल्या माणसाची वाट खाते पाहत असे. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली. तेथूनच १८८३ साली मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या उत्तीर्ण झाले व पुढील वर्षीच मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य होतीच. परंतु शाळेच्या दारातून खात्याच्या दारात जाण्यास त्यांस वर्षही लागले नाही, ही गोष्ट आम्हांस येथे नमूद करावयाची आहे.

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची कथा निराळी. ती १८५७ साली सुरू झाली. देशी कारागिरीस नवे वळण द्यावे हा हेतू होता आणि १८९१ साली तिला जोडून लॉर्ड रे ह्यांच्या नावाच्या कार्यशाळाही निघाल्या. परंतु मातीची भांडी, लाकडी नक्षी, धातूवरील काम शिकलेल्या माणसास पगार देऊन ठेवील असा कारखानदार मुंबईत फारसा नव्हता. त्यामुळे कित्येक विद्यार्थी अखेरीस माध्यमिक शाळांत ड्रॉइंग मास्तर झाले. ह्या कलाशाळेतून दोन माणसे अशी बाहेर पडली की ज्यांची नावे महाराष्ट्रास कायमची ठाऊक झाली. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके १८८५ साली तेथे दाखल झाले आणि १८९० साली बडोद्याच्या कलाभवनात गेले. दुसरे लक्ष्मणराव किर्लोस्कर. रंग ओळखण्यात डोळे साथ देत नाहीत असे ध्यानात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटन हाती घेतले. एकाने पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला आणि दुसऱ्याने लोखंडी नांगर शेतात आणला. ज्यासाठी शिकविले गेले ते काम दोघांनीही केले नाही. अशा थोर अपवादांची उदाहरणे देऊन सामान्य मुलास धीर देण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्हांस ती फारशी पसंत नाही. फाळके हजारांत एक. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचे काय झाले हे पाहिल्यावाचून शाळेची परीक्षा होत नाही.

आता मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेकडे वळू. १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या पुढाकाराने व सर दिनशा पेटिट ह्यांच्या औदार्याने ही संस्था भायखळ्यास निघाली. तिच्याभोवती गिरण्यांची धुराडी होती, त्यामुळे कापड व यंत्र ह्या दोन विद्या शिकलेल्यांस काम मिळण्यास अडचण पडू नये असे कोणासही वाटेल. अडचण पडलीच. मुंबईच्या गिरण्यांत स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर, एंजिनिअर असे बरेचसे अधिकारी लँकेशायरहून येत. १८९५ साली देखरेखीच्या जागांपैकी सुमारे ४२ टक्के जागा युरोपियनांकडे होत्या. १९२५ सालीही ते प्रमाण सुमारे २८ टक्के होते. तीस वर्षांत झालेली ही घट लहान नाही, आणि ती ज्यांनी घडविली त्यांत ह्या संस्थेच्या परवानाधारकांचा वाटा मोठा आहे. परंतु तीस वर्षे म्हणजे एका माणसाची सगळी नोकरी.

वर असा युरोपियन मास्तर, तर खाली जॉबर. गिरणीत साचावाला कोण लागणार हे शाळा ठरवीत नसे, जॉबर ठरवी. तो आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या आळीचा माणूस आणी, त्यास साच्याशेजारी उभा करी, आणि तो माणूस पाहता पाहता काम शिके. गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले लाखो हात असेच तयार झाले. ह्या शाळेला इमारत नव्हती, तरी तिच्यातून बाहेर पडलेल्यास काम हमखास मिळे. कारण शिकविणारा आणि कामावर घेणारा एकच होता. तिचा दोषही त्यातच होता. विणकाम खात्यात मजुरी अधिक असे, परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगारांस तेथे शिरकाव नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, म्हणून इतर कामगार त्यांस शेजारी उभे राहू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. जातीजातींनी एकमेकांस काम मिळवून दिले त्याचा अभिमान धरावयाचा, तर त्याच हातांनी दुसऱ्यांची वाट अडविली त्याचीही नोंद ठेवावयास हवी. (ही संस्था १९२३ साली माटुंग्यास गेली आणि १९९७ साली तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले.)

बडोद्याचे कलाभवन हे ह्या इतिहासातील आमच्या विशेष आवडीचे प्रकरण होय. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड महाराज आणि सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांनी ते १८९० साली उभे केले. गज्जरांनी दोन गोष्टी नीट ओळखल्या होत्या. कारागिराच्या मुलास इंग्रजी शिकून मग रंगकाम शिकावयास सांगणे म्हणजे त्यास दारातूनच परत पाठविणे होय, म्हणून शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे. आणि जे शिकवावयाचे ते बाजारात ज्याची गरज आहे असेच. त्या काळी जर्मनीचे कृत्रिम रंग देशात येऊ लागले होते. जुन्या रंगाऱ्यास ते वापरण्याची रीत ठाऊक नव्हती आणि गिरण्यांस ती ठाऊक असलेली माणसे हवी होती. कलाभवनाचा रंगविभाग नावारूपास आला तो ह्यामुळे. गज्जर पुढे मुंबईस गेले व तेथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. मुंबईतील राणीच्या संगमरवरी पुतळ्यास १८९६ साली चाफेकर बंधूंनी डांबर फासले, ते काढण्यास सरकारला अखेर गज्जरांकडेच यावे लागले, ही गोष्ट जुन्या पिढीतील लोक मोठ्या चवीने सांगत. परंतु त्यांची खरी कमाई त्यांचे शिष्य. त्यांतील कोटिभास्कर व अमीन ह्यांनी १९०७ साली ॲलेम्बिक हा रासायनिक कारखाना चालू केला. शिकलेला मनुष्य नोकरी मागण्याऐवजी नोकरी देऊ लागल्याचे हे ठळक उदाहरण आहे, व त्यामागे शाळा, राजाश्रय आणि बाजार हे तिन्ही एकत्र आले होते. १९४९ साली कलाभवन बडोद्याच्या विद्यापीठात विलीन झाले.

स्त्रियांच्या बाबतीत हीच कसोटी लावून पाहावी. गेल्या शतकात गावोगाव शिवणवर्ग निघाले. त्यांतून घरचे झबले-टोपडे शिवता येऊ लागले, परंतु त्यावर संसार चालविणाऱ्या स्त्रिया थोड्या. ह्याउलट १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनी पुण्यास सेवासदन काढले व तेथील स्त्रियांस परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून ससून रुग्णालयाशी संबंध जोडला. विधवा व परित्यक्ता स्त्रीस परपुरुषांच्या रुग्णालयात पाठवावयाचे, ह्यावर त्या काळी किती गदारोळ झाला असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. पण रुग्णालयास परिचारिका हवीच होती. शिवणवर्गाच्या पलीकडे कोणी उभे नव्हते, सेवासदनाच्या पलीकडे रुग्णालय उभे होते.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १९१२ साली ॲटकिन्सन व डॉसन ह्या दोघा अधिकाऱ्यांनी जो अहवाल सादर केला, त्याचा विषयच मुळी तांत्रिक संस्था व कामावर घेणारे मालक ह्यांचा निकट संबंध कसा जोडावा हा होता. डॉसन हे त्याच व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेचे प्राचार्य. १९१६ ते १८ च्या औद्योगिक आयोगानेही मोठ्या कार्यशाळांस जोडून उमेदवार तयार करावेत असे सुचविले. अहवाल फडताळात गेले. औंध संस्थानातील माळरानावर १९१० साली लक्ष्मणरावांनी जी किर्लोस्करवाडी वसविली, तेथे आसपासच्या खेड्यांतील माणसे हाताखाली शिकवून तयार करण्यात आली, त्यासाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहिली गेली नाही.

मोठा बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धाने. दारूगोळ्याच्या कारखान्यांस व सैन्यास कुशल कारागीर तातडीने हवे झाले आणि १९४० पासून देशभर प्रशिक्षण केंद्रे निघाली. युद्ध संपताच ती केंद्रे परतलेल्या सैनिकांस, व फाळणीनंतर निर्वासितांस, धंदा शिकविण्याकडे लावण्यात आली. १९५० साली त्यांतूनच कारागीर प्रशिक्षण योजना व आपण ज्यांस आय.टी.आय. म्हणतो त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. सुरुवातीस त्या साऱ्या देशात पन्नासच्या आसपास होत्या. १९५६ साली त्यांचा कारभार राज्यांकडे आला. सरकारी मराठीत तेथील धंद्यांस जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री अशी भारदस्त नावे आहेत. शिकणारी मुले मात्र फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन असेच म्हणतात आणि कारखान्याचा फाटकावरचा माणूसही तेच म्हणतो.

ह्या संस्थांचा खरा भाग्यकाळ १९६० नंतरचा. १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला व ठराविक धंद्यांत मालकांनी उमेदवार घेणे बंधनकारक ठरले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना आधीच १९५४ साली निघाला होता. त्यामागोमाग आकुर्डी, चिंचवड, ठाणे, अंबरनाथ येथे कारखाने वाढू लागले. आय.टी.आय.चा दाखला, त्यावर कारखान्यातील अगर रेल्वेच्या कार्यशाळेतील उमेदवारी, आणि मग कायम नोकरी अशी एक सरळ पायवाट तयार झाली. अल्पशिक्षित कुटुंबांतील कित्येक मुले तिच्यावरून चालत गेली, त्यांनी घरे बांधली, धाकट्या भावंडांस शिकविले. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखाती देशांत बांधकामे निघाली तेव्हा कोकणातले व मुंबईचे वेल्डर, फिटर, वीजतंत्री तेथेही गेले.

आणि तरीही त्याच कायद्यात एक कलम होते, ज्याकडे त्या भरभराटीत कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. बाविसावे कलम सांगत होते की, उमेदवारी पुरी करणाऱ्यास नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. कारखाने वाढत होते तोवर ह्याने काही बिघडले नाही. पुढे दिवस फिरले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला व त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. शतकभराचे शिकलेले हात पाचदहा वर्षांत निरुपयोगी ठरले. १९९१ नंतर कारखान्यांत कंत्राटी कामगार वाढले. उमेदवार घ्यावयाचा, वर्षभर विद्यावेतनावर राबवावयाचा, मुदत संपताच निरोप देऊन दुसरा घ्यावयाचा, अशी चाल अनेक ठिकाणी पडली. १९९५ साली उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इतर बाबी समान असल्यास थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्रशिक्षण पुरे केलेल्यास प्राधान्य द्यावे. हा दिलासा खरा. पण जागाच निघाल्या नाहीत तर प्राधान्य कशात? २०१४ साली कलमात फेरबदल होऊन प्रत्येक मालकाने आपले धोरण स्वतः आखावे असे ठरले.

शाळांतील धंदेशिक्षणाची गोष्ट तर थोडक्यात आटोपता येईल. कोठारी आयोगाने १९६६ साली अपेक्षा केली की, वीस वर्षांत उच्च माध्यमिक वर्गांतील निम्मी मुले धंदेशिक्षणाकडे वळावीत. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ते लक्ष्य १९९५ पर्यंत २५ टक्क्यांवर आणले. प्रत्यक्षात पाच टक्केही पुरते साधले नाहीत. महाराष्ट्रात १९८८ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम निघाले, त्यांतील बरीच मुले धंद्याकडे न जाता पदविकेच्या प्रवेशासाठी त्यांचा पायरीसारखा उपयोग करीत. त्यांस दोष देता येत नाही. बारावीचा धंद्याचा दाखला पाहून कामावर घेईन असे म्हणणारा त्यांस भेटला नव्हता.

२००४-०५ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी अवघ्या २ टक्क्यांस रीतसर धंदेशिक्षण मिळाल्याचे आढळले. ८ टक्क्यांस ते वडिलोपार्जित अगर काम करता करता, म्हणजे रीतीबाहेर, मिळाले होते. इतक्या योजनांनंतरही बापाचे दुकान आणि उस्तादाचे गॅरेज हीच चौपट मोठी शाळा होती, हे पाहून आम्ही क्षणभर थबकलो. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी विज्ञान आश्रम काढला तो हेच ओळखून. तेथील मुले गावच्याच गरजेची वेल्डिंगची, बांधकामाची, विजेची कामे करीत करीत शिकतात व कित्येक पुढे आपल्या गावी स्वतःचे दुकान थाटतात. गिऱ्हाईक हाच तेथला मालक.

आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आय.टी.आय. आहेत. त्यांत जागा किती, प्रवेश किती, उत्तीर्ण किती हे वर्षावर्षास सांगितले जाते. उत्तीर्ण झालेला मुलगा तीन वर्षांनी कोठे आहे, हे त्या मानाने फारच क्वचित पाहिले जाते. सरकारास नावे ठेवण्याआधी आपल्याकडे वळून पाहावे. ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांत गुणवंतांची छायाचित्रे असतात. त्यांत वैद्य, वकील, अभियंते, पदवीधर असतात. टर्नरची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या मुलाचे छायाचित्र आम्ही त्यांत पाहिलेले नाही. वधूवर सूचीत तर ‘आय.टी.आय.’ एवढे वाचून पान उलटले जाते, मग तो मुलगा कारकुनापेक्षा अधिक का मिळवीत असेना. मुलगा धंदेशिक्षणास जाण्यास कां कचरतो ह्याचे निम्मे उत्तर त्या उलटलेल्या पानात आहे, आणि ते बदलण्यासाठी कोणत्याही योजनेची गरज नाही.

ह्यासाठी आम्ही कार्यकारी मंडळास विनंती केली आहे, की पुढील अंकासाठी सभासदांकडे जाणाऱ्या माहितीपत्रकात एक रकाना वाढवावा. त्यात धंद्याचे नाव, उत्तीर्ण होण्याचे साल, उमेदवारी कोठे केली, आणि तीन वर्षांनंतर कोणते काम चालू आहे एवढेच लिहावयाचे आहे. नाव छापले जाणार नाही. ज्यांचे स्वतःचे वर्कशॉप अगर दुकान आहे अशा सभासदांनी आपल्याकडे वर्षास किती उमेदवार घेता येतील तो आकडाही द्यावा. ज्या घरी मुलास वा मुलीस अद्याप काम लागलेले नाही त्यांनी रकाना कोरा सोडू नये, ‘काम नाही’ असे स्पष्ट लिहावे. आम्हांस तेही मोजावयाचे आहे.